सज्ज्यावरच्या व्हिडिओ कॅसेटींतल्या बालमालिका वाचवायच्या कशा

'गोट्या', 'सोन परी', 'शाका लाका बूम बूम', 'करिश्मा का करिश्मा' यांची आठवण निघाली की हल्ली माणूस आधी मोबाईल काढतो आणि शोधायला लागतो. सापडतं ते बहुतेक वेळा तुटकं असतं. शीर्षकगीत मिळतं पण शेवटची नामावली मिळत नाही, भाग मिळतो पण त्याच्या मधल्या जाहिराती गायब असतात, चित्र दोन्ही बाजूंनी ताणलेलं असतं. त्या रविवारी घरच्या टीव्हीवर दिसला तसा अख्खा भाग कुठे उरला असेल तर तो कुणाच्या तरी सज्ज्यावर, धूळ खात पडलेल्या व्हीएचएस कॅसेटमध्ये. दूरदर्शनमध्येही टेप पुसून पुन्हा वापरायची पद्धत होती, त्यामुळे घरगुती रेकॉर्डिंगला कमी लेखू नका. या कॅसेटी नागपूरच्या हवेत कशा सांभाळायच्या, त्यांतलं चित्र संगणकावर कसं उतरवायचं आणि मग ते घरच्यांना कसं दाखवायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

आधी काय वाचवायचं

सगळ्या कॅसेटी एकदम हातात घेऊ नका. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातलं बरंच काही यूट्यूबवर टाकलं आहे. २०२० च्या टाळेबंदीत डीडी रेट्रो वाहिनी सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचं वेव्हज हे ॲप आलं. तुमच्या कॅसेटमधली मालिका तिथे पूर्ण असेल तर ती कॅसेट रांगेत मागे ठेवा. जे तिथे नाही त्याला पहिला मान द्या: अल्फा मराठीवरचे सुरुवातीच्या काळातले मुलांचे कार्यक्रम, सह्याद्रीवरचं 'किलबिल', दुपारी एकदाच लागून गेलेल्या मालिका. सेमिनरी हिल्सच्या नागपूर दूरदर्शन केंद्राच्या कार्यक्रमात शाळेतली मुलं स्टुडिओत गेली होती आणि ते कुणी टेप केलं होतं, असं असेल तर ती कॅसेट सगळ्यांत आधी. तिची दुसरी प्रत असण्याची शक्यता फार कमी.

शोधताना लेबलवर विसंबू नका. घरी कोरी कॅसेट वेगळी आणण्याऐवजी लग्नाच्या कॅसेटच्या शेवटी उरलेल्या टेपवर मालिका भरून घेण्याची सर्रास पद्धत होती. ई-१८० कॅसेट तीन तासांची. लग्नाची शूटिंग दोन तासांत संपली की पुढचा तास मोकळाच. म्हणून 'लग्न, भाग २' लिहिलेली कॅसेटही पाठवणीपाशी बंद न करता शेवटपर्यंत चालू द्या. पाठवणीनंतर पडद्यावर मुंग्या येतात आणि दोन-तीन मिनिटांनी अचानक शक्तिमान गरगर फिरत येतो, असं या कॅसेटींत नेहमीचंच.

कॅसेट हातात आली की पहिलं काम म्हणजे तिच्या मागच्या कडेला डावीकडे असलेला छोटा प्लास्टिकचा दात पाहायचा. तो शाबूत असेल तर पेचकसाने तोडून टाका. दात असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर जे आहे ते कायमचं पुसलं जातं.

नागपूरची हवा आणि कूलर

टेपचे शत्रू दोन, उष्णता आणि दमटपणा, आणि आपल्याकडे दोन्ही आहेत. वरच्या मजल्याच्या स्लॅबखालचा सज्जा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो. प्लास्टिकची टेप तापून सैल पडते आणि तिच्या कडा लहरी होतात. मग पावसाळ्यात बुरशी चढते. पण सगळ्यांत जास्त नुकसान ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही त्याने होतं, ते म्हणजे कूलर. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर दोन-अडीच महिने ज्या खोलीत चालतो तिथली हवा दिवसरात्र ओली असते. त्या खोलीतल्या कपाटातल्या कॅसेटींना पावसाळ्याआधीच बुरशी धरते. कॅसेटी कूलरच्या खोलीत ठेवू नका आणि कूलर चालू असताना व्हीसीआर, म्हणजे कॅसेटचं मशीनही चालवू नका. ओलाव्याने टेप मशीनमधल्या फिरत्या ड्रमला चिकटते आणि ओढली जाऊन चुरगळते.

या कामाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. हवा कोरडी, मशीन तापत नाही, कूलरचा प्रश्न नाही. सज्ज्यावरून काढलेली कॅसेट लगेच चालवू नका. तिला खोलीत चोवीस तास उभी ठेवा, म्हणजे आत दव धरणार नाही.

कॅसेट तपासणं

उजेडात कॅसेटच्या खिडकीतून आतल्या गुंडाळीकडे पाहा. गुंडाळीची बाजू काळी, चकचकीत आणि सपाट दिसली तर ठीक. पांढरे भुरकट ठिपके किंवा राखेसारखा थर दिसला तर ती बुरशी. अशी कॅसेट मशीनमध्ये घालायची नाही. एक बुरशीची कॅसेट मशीनचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, बुजवते आणि पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला तीच बुरशी लावते. ती वेगळ्या पिशवीत बांधा. साफ करायचीच असेल तर मास्क लावून, घराबाहेर, उलट्या बाजूचे पाच स्क्रू काढून, कोरड्या मऊ कापडाने दोन्ही गुंडाळ्यांच्या कडा पुसा. बुरशी खोलवर गेली असेल तर हे काम जाणकारावर सोडणं बरं.

कॅसेट उघडण्यापूर्वी आणि झाकण काढल्याक्षणी मोबाईलवर फोटो घ्या. आत टेपचा मार्ग, दोन ब्रेक आणि बारीक स्प्रिंगा असतात. स्प्रिंग उडाली की ती कुठे होती हे फोटोशिवाय आठवत नाही. कवच फुटलं असेल तर एखाद्या निकामी कॅसेटचं कवच घेऊन त्यात दोन्ही गुंडाळ्या बसवता येतात. यासाठी एक जुनी निरुपयोगी कॅसेट हाताशी असू द्या.

टेप तुटली असेल तर साधी सेलोटेप अजिबात लावू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि थेट हेडवर जाऊन बसतो. स्प्लायसिंग टेपच, म्हणजे टेप जोडण्यासाठीची खास चिकटपट्टीच, वापरा आणि ती आतल्या बाजूला, म्हणजे गुंडाळीकडे तोंड असलेल्या बाजूला लावा. बाहेरची बाजू हेडला घासते, तिथे काहीच नको. एवढं करूनही तो जोड हेडवरून नेऊ नका. जोडाच्या आधीचा भाग आणि नंतरचा भाग असे दोन वेगळे उतरवा.

सगळं ठीक असेल तर चालवण्याआधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे घ्या. वीस-पंचवीस वर्षं एकाच जागी थांबलेल्या गुंडाळीचा ताण कुठे घट्ट, कुठे सैल झालेला असतो. तो यामुळे सारखा होतो आणि चित्र कमी थरथरतं.

मशीन

व्हीसीआरचं उत्पादन जगात २०१६ साली थांबलं. फुनाई ही ते बनवणारी शेवटची कंपनी होती आणि सुटे भाग मिळेनात म्हणून तिनेही बंद केलं. त्यामुळे आता जे मिळेल ते जुनंच. आपल्याकडे बऱ्याच घरांत व्हीसीआर नसून व्हीसीपी होता. त्यावर रेकॉर्ड होत नाही, फक्त चालतं. या कामाला तेवढं पुरे, उलट पुसण्याची भीतीच नाही. घेताना मागे पिवळी आणि पांढरी आरसीए सॉकेट आहेत का ते पाहा. नुसतं अँटेनाचं सॉकेट असलेलं मशीन घेऊ नका, त्यातून चित्र पुसट येतं. विकणाऱ्याकडे एखादी फेकायची कॅसेट घेऊन जा आणि ती चालवा, पुढे-मागे करा, बाहेर काढा. कॅसेट बाहेर आल्यावर टेप लटकत राहिली तर आतलं रबर म्हातारं झालं आहे असं समजा. आपल्या मौल्यवान कॅसेटीवर ही चाचणी करायची नाही.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जुन्या फोटो स्टुडिओंकडे चांगल्या प्रतीची मशीन अजून असू शकतात. महाल, इतवारी, सदर या भागांत चौकशी करा. केबल, पिना आणि चित्र लॅपटॉपमध्ये उतरवणारी कॅप्चर स्टिक बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मिळून जातात.

हेड साफ करण्याची रीत नीट पाळा, कारण सगळ्यांत महाग चूक इथे होते. प्लग काढा, वरचं झाकण उघडा. मधे तिरका बसवलेला चकचकीत धातूचा ड्रम दिसेल. चालू असताना हा मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि त्याच्या कडेला केसाएवढी बारीक हेडं असतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. हाताचं सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर राहतो. गुळगुळीत बाँड पेपरची बोटभर रुंद पट्टी अल्कोहोलने ओली करा, ड्रमच्या बाजूला अलगद टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेने हळू फिरवा. दहा फेरे पुरेत. पट्टी स्थिर, फिरायचं ते ड्रमने. पट्टी वर-खाली घासली तर हेड तुटतं आणि मशीन कायमचं गेलं. कानात घालायच्या कापसाच्या काडीने ड्रम पुसू नका, तंतू हेडात अडकतो. ती काडी आवाजाच्या स्थिर हेडला आणि टेप ओढणाऱ्या धातूच्या दांडीला चालेल. दांडीजवळच्या काळ्या रबरी रोलरला मात्र अल्कोहोल नको, रबर कडक होतं. ते किंचित ओल्या कापडाने पुसा. पंधरा मिनिटं वाळू द्या, मगच प्लग लावा.

जोडणी आणि सेटिंग

लागणारं सामान थोडकं आहे: व्हीसीपी, आरसीए केबल, यूएसबी कॅप्चर स्टिक, लॅपटॉप आणि ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर. पिवळी पिन चित्राची, पांढरी आवाजाची. बहुतेक व्हीसीपींना आवाजाचं एकच सॉकेट असतं. तेव्हा ओबीएसमध्ये त्या स्रोताचा आवाज मोनो करा, नाहीतर एकाच कानात येत राहील. स्टिक लॅपटॉपलाच लावा, मधे हब नको.

ओबीएसमध्ये व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस जोडून त्याच्या गुणधर्मांत व्हिडिओ मानक पाल बी (आपल्याकडचं टीव्हीचं मानक), आकार ७२० बाय ५७६ ठेवा. कॅनव्हास ७६८ बाय ५७६ करा आणि चित्र त्यावर पूर्ण ताणून बसवा, म्हणजे मूळचं चार-तीन प्रमाण येतं. गती ५० फ्रेम. त्या स्रोतावर उजवं क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये याडिफ २एक्स आणि टॉप फील्ड फर्स्ट निवडा. हे केलं नाही तर धावणाऱ्या मुलाच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसतात. फील्डचा, म्हणजे एका फ्रेमच्या दोन अर्ध्या चित्रांचा, क्रम उलटा पडला तर हालचाल पुढे-मागे झटके देते. तसं दिसलं की दुसरा क्रम निवडा.

रेकॉर्डिंग एमकेव्ही फाइलमध्ये करा, एमपी४ मध्ये नाही. मधेच लाईन गेली तर एमपी४ फाइल उघडतच नाही, एमकेव्हीत तोपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. बिटरेट ८००० केबीपीएस ठेवा. या हिशोबाने तासाला साडेतीन जीबीच्या थोडं वर जागा लागते, तीन तासांच्या कॅसेटला सुमारे ११ जीबी. वीस कॅसेटी असतील तर ५०० जीबीची डिस्क पुरून उरते. आवाजाची पट्टी मोठ्यात मोठ्या आवाजाला उणे ६ डेसिबलच्या आत राहील अशी ठेवा. शीर्षकगीतावर पातळी लावा, कारण तेच सगळ्यांत मोठं वाजतं. संवादावर लावली तर गाणं फाटतं.

सुरू करण्याआधी लॅपटॉपची झोप बंद करा, अपडेट थांबवा आणि व्हीसीपी यूपीएसवर घ्या.

बिघडतं ते इथे

चित्राच्या तळाशी नाचणारी आठ-दहा रेषांची पट्टी दिसली की लोक मशीनवरचं ट्रॅकिंगचं बटण फिरवत बसतात. ती प्रत्येक व्हीएचएसमध्ये असते. जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे ती लपायची, एवढंच. नंतर कापता येते. ट्रॅकिंग फिरवायचं ते चित्राच्या मधे पांढऱ्या रेघा पडल्या तरच, आणि हळूहळू.

चित्र काळं-पांढरं आलं तर आधी सेटिंगमध्ये पाल बी आहे का पाहा. ते ठीक असेल आणि चित्र गोलही फिरत असेल तर कॅसेट अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली असू शकते. तिथलं मानक एनटीएससी. 'स्मॉल वंडर'च्या कॅसेटी अशा आलेल्या असतात. त्याला एनटीएससी चालवणारं मशीन आणि ७२० बाय ४८० ही सेटिंग लागते. मुलांचे आवाज चिरके आणि हालचाल दुप्पट वेगात असेल तर रेकॉर्डिंग लाँग प्लेमध्ये, म्हणजे टेप निम्म्या वेगाने चालवून, झालं आहे. साध्या व्हीसीपीवर ते सुधारणार नाही, लाँग प्ले चालवणारं मशीन शोधा.

गुणगुण ऐकू येते आणि चित्रातून आडवा पट्टा हळूहळू वर सरकतो, हा अर्थिंगचा दोष. जुन्या वाड्यांतल्या दोन पिनांच्या बोर्डांवर हमखास दिसतो. लॅपटॉप आणि व्हीसीपी एकाच एक्सटेंशन बोर्डावर घ्या, आणि छोटा तुकडा असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

खरा छळ होतो तो आवाज आणि ओठ यांच्यातल्या अंतराचा. चुरगळलेल्या जागी स्वस्त स्टिक काही फ्रेम गाळते, आवाज मात्र पुढे जात राहतो. अशा चार जागा झाल्या की भागाच्या शेवटी पात्राने तोंड मिटल्यावर वाक्य ऐकू येतं. उपाय दोन. व्हीसीपी आणि स्टिकच्या मधे जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून चित्र त्याच्यातून जाऊ द्या, बरेच रेकॉर्डर सिग्नल सरळ करून देतात. तो नसेल तर कॅसेट सलग न उतरवता जाहिरातींच्या ब्रेकपाशी थांबून तुकड्या-तुकड्यांनी उतरवा, म्हणजे चूक साचत नाही.

आणि काही गोष्टी दुरुस्त होतच नाहीत. अँटेना वाऱ्याने फिरला म्हणून आलेल्या मुंग्या, दुहेरी सावली, लाईन गेली तेव्हाची कोरी जागा, हे सगळं टेपवरच नोंदलं गेलेलं आहे. ते राहू द्या. संगणकाकडून चेहरे 'स्वच्छ' करून घेण्याच्या मोहात पडू नका. तशी सॉफ्टवेअर मुलांच्या चेहऱ्यावर नसलेली कातडी आणि नसलेले दात रंगवतात, आणि ज्या चेहऱ्यासाठी एवढा खटाटोप केला तो दुसऱ्याच कुणाचा होतो.

जाहिराती कापू नका

भाग वेगळे करताना जाहिरातींसकट मूळ फाइल तशीच ठेवा आणि पाहण्यासाठी कापलेली प्रत वेगळी करा. कॅसेटचं वय ठरवायला याच जाहिराती कामी येतात. वाहिनीचं चिन्ह पाहा. अल्फा मराठी असेल तर रेकॉर्डिंग ऑगस्ट १९९९ ते २००५ या काळातलं, कारण त्यानंतर तिचं नाव झी मराठी झालं. केबलवाल्याच्या स्थानिक चॅनलची पट्टी खाली धावत असेल तर तिच्यातल्या दुकानांच्या फोन नंबरांचे आकडे मोजा. सहा आकडी असले तर कॅसेट जुनी, सात आकडी असले तर त्यानंतरची.

मालिकांनीही काळ कळतो. 'जंगल बुक' दूरदर्शनवर १९९३ मध्ये आलं. मूळ जपानी मालिका, आणि हिंदीत शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. 'शक्तिमान' १९९७ पासून, 'सोन परी' २००० पासून, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ पासून, 'करिश्मा का करिश्मा' २००३ पासून. शेवटची ही अमेरिकन 'स्मॉल वंडर'वरून केलेली. मूळ मालिका १९८५ ते १९८९ या काळात चार पर्वांत आणि ९६ भागांत झाली, आणि तिच्यातली विकी म्हणजे टिफनी ब्रिसेट.

फाइलला नाव देताना वर्ष, वाहिनी, मालिका, भागाचा विषय आणि कॅसेटचा क्रमांक या क्रमाने द्या, आणि तोच क्रमांक कॅसेटवर पेन्सिलने लिहा. वर्ष अंदाजाचं असेल तर 'अंदाजे' लिहायला लाजू नका. नुसतं 'सोनपरी नवीन फायनल' असं नाव दिलं की सहा महिन्यांनी तुम्हालाच काही कळत नाही.

नामावली आणि त्यांतली मुलं

शेवटची नामावली हा माझ्या मते सगळ्यांत मोलाचा तुकडा, आणि नेमकी तीच रेकॉर्ड करणाऱ्याने कंटाळून तोडलेली असते. जिथे आहे तिथे ती फ्रेम थांबवून वाचा, पण संगणकावर. व्हीसीपीवर पॉज करून ठेवलं की टेपची एकच जागा ड्रमवर घासत राहते. एका जुन्या वहीत किंवा तक्त्यात भागागणिक बालकलाकारांची नावं, नामावलीत लिहिली आहेत तशीच उतरवा. पूर्वी नावाआधी 'मास्टर' आणि 'बेबी' लावायची पद्धत होती. 'मालगुडी डेज'मधला स्वामी, मास्टर मंजुनाथ, असाच लोकांच्या लक्षात राहिला.

एकाच पात्राला दोन मुलं असू शकतात, म्हणून चेहऱ्यावरून नाव ठोकून देऊ नका. 'शाका लाका बूम बूम'चा संजू म्हटलं की सगळे किंशुक वैद्यचं नाव घेतात, पण आधी दूरदर्शनवर तीच मालिका आली तेव्हा संजू वेगळा होता. गोट्या झाला होता जॉय घाणेकर, 'सोन परी'तली फ्रूटी तन्वी हेगडे आणि तिची परी मृणाल कुलकर्णी, करिश्मा म्हणजे झनक शुक्ला. हंसिका मोटवानी 'शाका लाका'मधून निघून दक्षिणेत नायिका झाली. झनकने अभिनय सोडून पुरातत्त्वाचा अभ्यास केला. ही मुलं आता मोठी झालेली माणसं आहेत. त्यांच्या लहानपणीची क्लिप पाठवून 'ओळखलं का' असे निरोप धाडू नका. स्टुडिओतल्या कार्यक्रमात तुमच्या वर्गातलं मूल दिसलं तर ती क्लिप कुठल्याही ग्रुपवर टाकण्याआधी त्याला विचारा. मूळ प्रत आधी त्यालाच द्या.

घरी दाखवताना

टीव्हीला पेनड्राइव्ह लावायचा असेल तर तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एकेका भागाची, म्हणजे बावीस ते पंचवीस मिनिटांची फाइल दीड जीबीच्या आत येते, त्यामुळे कापलेली प्रत फक्त फॅट३२ वाचणाऱ्या जुन्या टीव्हीवरही चालते. टीव्ही एमकेव्ही घेत नसेल तर ओबीएसमध्येच ती एमपी४ करून मिळते. मग टीव्हीच्या पिक्चर साइजमध्ये जाऊन ४:३ निवडा. हे विसरलं की सगळी मुलं बुटकी आणि रुंद दिसतात आणि पाहणारा म्हणतो, 'अरे, असं नव्हतं हे.' टीव्हीमधली हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंगही बंद करा.

रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या बशा हातात घेऊन तीन भाग, साधारण सव्वा तास, एवढंच ठेवा. पहिला भाग जाहिरातींसकट दाखवा, उरलेले दोन कापलेले. घरातली आजची मुलं संथ सुरुवातीला चुळबुळ करतात, म्हणून मालिकेचा पहिला भाग न लावता मधला एखादा गमतीचा निवडा. 'टिपरे'मधला शिऱ्या गोंधळ घालतो तो कुठलाही भाग चालतो. 'गोट्या' मात्र मोठ्यांनी आधी गोष्ट सांगून मग लावावा. त्याचा वेग वेगळा आहे आणि आजी-आजोबा शेजारी असले तर मुलं टिकून बसतात.

हे घरच्या घरीच करा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये खाजगी आणि वैयक्तिक वापराला सवलत आहे. सोसायटीच्या सभागृहात फलक लावून दाखवणं किंवा पूर्ण भाग इंटरनेटवर चढवणं त्यात बसत नाही. हक्काची मुदत ६० वर्षांची, म्हणजे १९९० सालच्या मालिकेचा हक्क २०५० च्या अखेरपर्यंत.

नंतर

मूळ फाइलच्या दोन प्रती घरात वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावच्या भावाबहिणीकडे ठेवा. दर दिवाळीत दोन्ही डिस्क लावून एकेक फाइल उघडून पाहा, कपाटात नुसती पडून राहिलेली डिस्कही एके दिवशी चालत नाही. कॅसेटी फेकू नका. शेवटपर्यंत मागे घेऊन, पुस्तकासारख्या उभ्या, प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, आतल्या खोलीतल्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर आणि स्पीकरपासून लांब ठेवा. पुड्या दर जूनमध्ये, पावसाच्या आधी, बदला.